येतानाचं ओझं

गिऱ्हाईक दुकानात शिरतं आणि म्हणतं, "मोठी सॅक द्या." मोठी म्हणजे केवढी, असं विचारलं की दोन्ही हात पसरून दाखवतं, जणू आत म्हैस घालून न्यायची आहे. माझं डोकं तिथंच तापतं. कोल्हारला स्टँडसमोर, नगर-मनमाड रस्त्याला लागून, माझा आठ बाय दहाचा गाळा आहे. आत दोन शिलाई मशिनं, एक माझं आणि एक बायकोचं, आणि वर छताला टांगलेल्या पिशव्या. शाळेची दप्तरं शिवतो, चेन बदलून देतो, शिर्डीला पायी निघालेल्यांचे तुटलेले बंद लावून देतो. आणि गेली पंधरा वर्षं डोंगरात जाणाऱ्यांसाठी पाठीवरच्या सॅक शिवतो, ट्रकच्या ताडपत्रीच्या. पुण्याच्या एका पोरानं फाटकी सॅक दुरुस्तीला टाकली आणि तो परत आलाच नाही. मी ती टाका-टाका उसवली, एकेक तुकडा कागदावर ठेवून आखला आणि शिकलो. या अंगदच्या तोंडाला लागू नये असं स्टँडवर सगळे म्हणतात, पण सॅक माझ्याकडूनच नेतात.

सॅक शिवायची कशी ते मी असं शिकलो, पण निवडायची कशी ते मला उत्तमरावांनी शिकवलं. उत्तमराव म्हणजे माझ्या वडिलांचे दोस्त, दुकानाच्या पायरीवर बसून दिवस काढणारे. शिकारीवर बंदी यायच्या आधी, अगदी मिसरूड फुटायच्या वयात, ते बंदूकवाल्यांचं सामान वाहायला अकोले तालुक्यातल्या डोंगरात जायचे. चार चार, पाच पाच दिवस. ते सांगायचे, "जाताना काय न्यायचं त्याच्यावर पिशवी घ्यायची न्हाई. भाकरी रोज कमीच व्हत जाती. येताना काय आनायचंय, त्याच्यावर घ्यायची." रानडुक्कर पडलं की त्याचे वाटे पाठीवर घेऊन दोन दिवस चालायचं असे. लहान पिशवी घेऊन गेलेला माणूस अर्धं मांस तिथंच सोडून येई आणि वर्षभर त्याची टिंगल होई.

शिकार कधीच संपली, उत्तमरावही गेले, पण तो प्रश्न माझ्या तोंडात बसला. कुणी सॅक मागितली की मी विचारतो, किती दिवस जाणार आणि येताना काय आणणार? एका मुक्कामाला तीस लिटर, दोन-तीन मुक्कामांना पंचेचाळीस, चार-पाच दिवस राहायचं असेल तर साठ ते सत्तर. हा झाला पहिल्या प्रश्नाचा हिशेब. दुसऱ्या प्रश्नाला लोक हसतात. डोंगरातून काय आणायचं असतं?

मनकर्णा हसली नाही.

दोन वर्षांपूर्वी, दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते तेव्हा ती पहिल्यांदा दुकानात आली. उंच, वाळकी बाई, साडीवर पुरुषाचा लांब बाह्यांचा शर्ट घातलेला. ऊस तोडणाऱ्या बायका घालतात तसा. पायरीवर चपला काढून आत आली आणि म्हणाली, "भाऊ, मला दोन मानसाची पिशवी पायजे."

"दोन माणसांची असं माप नसतं, ताई. लिटरमध्ये असतं. सगळ्यात मोठी सत्तर लिटरची."

तिनं मनाशी काहीतरी जुळवलं. "सत्तर मंजी पावनेदोन कॅन झालं की. येवढं दूध मी कुठं नेऊ?"

आमच्याकडं लिटर म्हटलं की दूधच. डेअरीचा कॅन चाळीस लिटरचा, म्हणून पावणेदोन. दुसरं कुणी असतं तर मी दिवसभर त्याच्यावर कोट्या केल्या असत्या. पण बाई टेबलावर दोन्ही हात ठेवून, उत्तराची वाट बघत उभी होती. मी सांगितलं की दुधाचा संबंध नाही, लिटर म्हणजे आतली जागा.

"जागाच पायजे," ती म्हणाली.

"कोण दोघं जाणार?"

"जानार मी येकटीच. येताना दोघं येनार."

तेव्हा ती कोण ते मला कळलं. ती वाल्मिकची आई होती.

वाल्मिक दुधाच्या टेम्पोवर होता. चोवीस वर्षांचा, बडबड्या, स्टँडवर सगळ्यांना काका-मामा म्हणणारा. एकदा कॉलेजच्या पोरांना टेम्पोत घालून रतनगडाच्या पायथ्याला सोडायला गेला आणि त्यांच्याबरोबर वर चढला. तेव्हापासून त्याला डोंगराचं वेड लागलं. दर सुट्टीला एखादा गड. त्या वर्षी दसरा झाल्यावर तो माझ्याकडं आला. रतनगडावरून डोंगराडोंगरानं हरिश्चंद्रगडापर्यंत चालत जायचं, दोन मित्र बरोबर, चार दिवस.

"चार दिवसांना साठ लिटर लागेल," मी म्हणालो. "येताना काय आणणार?"

"फोटो आननार, काका. ते मोबाईलात मावत्यात."

मीही हसलो. साठची तयार नव्हती. शिवायला एक दिवस लागला असता आणि त्याला सकाळची गाडी धरायची होती. तीस लिटरची एक टांगलेली होती, गिऱ्हाईक लागत नव्हतं म्हणून महिनाभर डोळ्यांसमोर होती. मी ती काढून दिली. "फोटोच आणायचेत ना, मग ही बास झाली," असं मीच म्हणालो. हे वाक्य माझंच आहे, दुसऱ्या कुणाच्या तोंडी घालता येत नाही.

त्यानं सामान माझ्या टेबलावरच भरलं. तांदूळ, डाळ, पातेलं, बॅटरी, स्वेटर. घोंगडी आत जाईना, ती बाहेरून बांधली. शेवटी पिवळी नायलॉनची दोरी राहिली, वीस हात लांब, टेम्पोत कॅन आवळायची. ती कुठंच बसेना. त्यानं दोनदा सगळं बाहेर काढून भरून पाहिलं. मग म्हणाला, "राहू द्या इथंच काका, आल्यावर नेतो." मी दोरी टेबलाखाली टाकली.

मित्रांनी आयत्या वेळी पाय मागं घेतला आणि तो एकटाच गेला. तिसऱ्या दिवशी कुमशेतच्या विहिरीवर त्यानं पाणी मागितलं, ते पाणी देणारा माणूस त्याला पाहणारा शेवटचा. त्यानंतर काही नाही. पोलीस गेले, गडांवरची शोध घेणारी तरुण मंडळी आली, खालच्या वाड्यांमधली माणसं रान तुडवत राहिली. नऊ दिवस. कड्यांवरून दोर सोडून घळींमध्ये उतरले. त्यांनी काही कसर ठेवली नाही. पण ना सॅक सापडली, ना बूट, ना घोंगडी. उतरताना तो कुठंतरी घसरला असावा, असं सगळे म्हणत. "जवळ दोरी असती तर," असं एकजण माझ्याच दुकानात उभा राहून, चहा पीत बोलला. दोरी त्याच्या पायापासून वीतभर अंतरावर होती.

दोरी असती तर वाल्मिक वाचला असता का, हे मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. पण ती दोरी माझ्याकडं आहे, हे फक्त मला आणि माझ्या बायकोला माहीत होतं, असं मी धरून चाललो होतो.

तर ती बाई माझ्यासमोर उभी होती आणि सॅक मागत होती. मी सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "पाठीचं माप घ्यावं लागेल."

माप सवितानं घेतलं, माझ्या बायकोनं. मानेच्या हाडापासून कमरेच्या हाडापर्यंत. सॅक पाठीच्या मापाची नसेल तर वजन खांद्यांवर लोंबतं आणि माणूस दोन तासांत मोडतो, वजन कमरेवर बसलं पाहिजे. हे सगळं मी मनकर्णेला समजावून सांगत होतो, नको इतकं समजावत होतो, कारण गप्प बसलो असतो तर दुसरंच काहीतरी बाहेर आलं असतं. दोन दिवसांत सॅक तयार केली. आयुष्यात शिवलेली सगळ्यात चांगली सॅक. दुहेरी तळ, रुंद कमरपट्टा, खांद्याच्या पट्ट्यांत जाड फोम. मनकर्णेनं ती उलटून पालटून पाहिली, मग खाली बसली, आणि उचलून डोक्यावर ठेवली.

एरवी मी हसलो असतो. पट्टे दोन्ही कानांवरून लोंबत होते.

"अहो, पाठीवर घ्यायची असते ती!"

"पाठीवर मला वज्जं घ्याया येत न्हाई, भाऊ. पाठीवर फकस्त वाल्मिक हुता, फडक्यात बांधलेला. बाकी समदं डोक्यावर."

ती पाथर्डीकडची. लग्न झाल्यापासून नवऱ्याबरोबर ऊसतोडीला आमच्या भागात येत राहिली. उसाची मोळी डोक्यावर घेऊन, ट्रकला लावलेल्या फळीवरून वर चढायचं, मोळी टाकायची, उतरायचं, असे सोळा हंगाम. नवरा अमृत तापानं गेला तेव्हा वाल्मिक आठ वर्षांचा होता. ती परत गावी गेली नाही. पोराची शाळा सुटायला नको म्हणून कोल्हारच्या शिवारात एका मळ्यावर कायमची राहिली. कांदे लावायचे, खुरपायचं, गुरांसाठी घास कापायचा. मुकादमाच्या हाताखाली पोर जाऊ नये एवढी एकच गोष्ट तिला हवी होती, आणि ती तिनं करून दाखवली. पोराच्या हातात कोयता आला नाही. स्टेअरिंग आलं, याचा तिला कोण अभिमान होता.

मी सॅक परत घेतली आणि तळाला सुतळीची गोल गादी शिवली, चुंबळीसारखी, डोक्यावर नीट बसेल अशी. सपाटीला डोक्यावर, चढाला पाठीवर, असं ठरलं. अशी सॅक जगात दुसरी नसेल.

निघायच्या आदल्या दिवशी तिनं दुकानात आणून ती भरली. पाच दिवसांच्या बाजरीच्या कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, काडेपेटी, पाणी. आणि तळाला, सगळ्यात आधी, वाल्मिकची एक पँट, एक शर्ट, चपलांचा जोड, दुसरी एक घोंगडी आणि शेवेचा पुडा.

"चपला कशाला?"

"बूट फाटलं असत्याल त्येचं येव्हाना."

एवढं सगळं घालूनही सॅक अर्धी रिकामी होती. रिकामी सॅक हिंदकळते, म्हणून मी बाजूचे पट्टे आवळायला लागलो. तिनं माझा हात धरला. "ढिली ऱ्हाऊ द्या. त्येची पिशवी याच्यातच घालून आनायची हाय. दमलेला असंल, त्येच्या पाठीवर काई द्यायचं न्हाई." मी पट्टे सोडले. उत्तमरावांचा नियम तिला कुणी सांगितला नव्हता. ती येतानाच्या वजनावर सॅक घेऊन निघाली होती.

पाच दिवसांनी परत आली तेव्हा सॅक आणखी रिकामी होती.

मग दर महिन्याला ती जाऊ लागली. संगमनेर, अकोले, राजूर अशा गाड्या बदलत, मग चालत. कुमशेतच्या अलीकडच्या वाडीत आक्काबाई नावाच्या बाईच्या पडवीत एक रात्र टेकायची आणि सकाळी रानात शिरायची. एका खेपेला एक घळ. गुराख्यांना प्लॅस्टिकच्या पिशवीतला फोटो दाखवायचा. मी तिला काही विचारत नसे. ती दुरुस्तीला सॅक टाकी आणि मला सॅकवरूनच सगळं कळे. बाजू करवंदीच्या काट्यांनी फाटलेल्या असत. एकदा तळाला चिखल वाळलेला होता, म्हणजे ओढ्यात उतरली होती. एकदा एक पट्टा अख्खा तुटून आला. "घसरले," एवढंच म्हणाली. तिच्या कोपरावरचं कातडं गेलं होतं. मी पट्टा तिहेरी शिवला आणि सविताला म्हणालो, "ही बाई एक दिवस तिथंच राहील."

"तुम्ही त्या दोरीचं सांगून टाका एकदा," सविता म्हणाली.

"सांगून काय होणार आहे? दोरी काय पोराला ओढून आणणार आहे का?"

मी ओरडलो. सविता पाठ फिरवून मशीनवर बसली. मी भित्रा आहे. तोंडाळ माणसं बहुतेक भित्रीच असतात, हे मला त्या वर्षी कळलं.

गावात लोकांचं बोलणं सुरू झालं होतं. कुणी म्हणे पोरगं मुंबईला पळालं, कुणी म्हणे बाईच्या डोक्यावर परिणाम झाला. तिचा श्रीमंत नावाचा भाऊ मिरजगावला असतो, हायवेला टायरचं दुकान आहे त्याचं. तो वर्षाच्या आत दोनदा येऊन गेला. दुसऱ्या वेळी माझ्याच दुकानात दोघांची गाठ पडली. ती सॅक न्यायला आली होती आणि तो तिला न्यायला.

"आक्का, आता दहावं घालून टाक," तो म्हणाला. माणूस वाईट नव्हता, डोळे भरून आले होते त्याचे. "तुजा जीव मोकळा हुईल. त्येचाबी हुईल."

"कशाचं घालू? हाय का काई हातात?"

"भटजीला इचारलंय म्या. मानूस घावला न्हाई तर गवताचा करत्यात. दर्भाचा पुतळा. त्येला अग्नी द्यायचा, समदं रीतीनं हुतं."

मनकर्णा सॅकच्या पट्ट्यावरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "गवताचा वाल्मिक मला नगं."

श्रीमंत पायरीवर बसून रडला. मी त्याला पाणी दिलं. ती सॅक डोक्यावर ठेवून स्टँडकडं गेली.

पहिला पावसाळा आला आणि चार महिने डोंगरातल्या वाटा बंद झाल्या. त्या चार महिन्यांत ती कधी कधी प्रवरेच्या पुलावर उभी दिसायची. नदी तिकडूनच येते, रतनगडाच्या पायथ्यापासून. लाल पाण्यात वाहून येणाऱ्या फांद्या, ओंडके, प्लॅस्टिक ती बघत राही. एकदा मी सायकल थांबवली. "पान्यात काई येतं का बघते," ती म्हणाली, अगदी साध्या आवाजात, पोस्टमनची वाट बघावी तशी. मी सायकल तशीच हातात धरून घरापर्यंत चालत गेलो.

पाऊस सरल्यावर खेपा पुन्हा सुरू झाल्या. आता मला सॅकमध्ये फरक दिसू लागला. दर वेळी नवा येणारा शेवेचा पुडा बंद झाला. मग चपला दिसेनात. मी न राहवून विचारलं. "आक्काबाईच्या मालकाला दिल्या. त्येचं पाय लई सोललं हुतं." थंडीत घोंगडीही गेली, आक्काबाईच्या घरातल्या म्हाताऱ्याच्या अंगावर. तिच्या तोंडावरून काही कळत नसे, ती पहिल्या दिवशी जशी बोलली तशीच बोले. पण आशा सुटत चालली होती आणि ती कशी सुटते ते मी एकेक वस्तूनं बघत होतो. सत्तर लिटरच्या सॅकमध्ये शेवटी भाकरी, पाणी आणि एक शर्ट एवढंच राहिलं. तरी सॅक तीच. एकदा मी म्हणालो, एवढी मोठी कशाला वागवता, पंचेचाळीसची देतो. तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मी मान खाली घालून मशीनला तेल घालू लागलो.

दुसरा पावसाळाही गेला. यंदा दसऱ्यानंतर ती आली तेव्हा दुपार होती, स्टँडवर सामसूम होती, सविता पलीकडं मशीनवर काज करत बसली होती. मनकर्णेनं सॅक माझ्या टेबलावर ठेवली. धुऊन, वाळवून, घडी घालून आणली होती.

"ही ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं," ती म्हणाली. "मला आता ल्हान शिवून द्या."

मला हायसं वाटलं. अगदी खरं सांगतो, बरं वाटलं. मला वाटलं, बाई थकली. गुडघे गेले असतील, आता एका मुक्कामाची खेप करेल, आणि मग तीही बंद होईल. मी उत्साहानं टेप काढली, आणि पंधरा वर्षांच्या सवयीनं माझ्या तोंडून निघून गेलं, "किती दिवस जाणार? आणि येताना काय आणणार?"

बोललो आणि जीभ चावली.

ती चिडली नाही. तिनं उजवा हात टेबलावर आडवा ठेवला आणि डाव्या हातानं कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत दाखवलं. "लांबीला येवढी. आक्काबाईचा मालक म्हनला, दोन पावसाळं गेलं, जनावरं हायेत रानात. ऱ्हायलीच तर लांब हाडं तेवढी ऱ्हात्यात." मग तिनं हात उचलून शर्टाच्या बाहीत ओढून घेतला. "मांजरपाट लावा. कोरं. घावलं तर तसंच परवरासंगमाला पान्यात सोडाया घिऊन जाईन."

सविताचं मशीन थांबलं.

मी मांजरपाटाचा तागा काढला. हातभर लांब, वीतभर रुंद, शिवायला काय लागतं? शाळेच्या पोरांच्या पट्ट्याच्या पिशव्या यापेक्षा मोठ्या असतात. पण मला दोन टाके सरळ पडेनात. दोनदा उसवलं. ती समोर स्टुलावर बसली होती, माझ्या हातांकडं बघत. पिशवी झाली. वर नेफा ठेवला होता आणि त्यात ओवायला नाडी पाहिजे होती. मी खण उघडला, नाड्यांची गुंडाळी बाहेर काढली.

"ती नगं," मनकर्णा म्हणाली. "दोरी हाय न्हवं तुमच्याकडं? वाल्मिकची, पिवळी. ती घाला."

मी तिच्याकडं पाहू शकलो नाही. सवितानं पाहिलं असेल. मी खाली वाकलो, टेबलाखालून दोरी काढली. दोन वर्षांची धूळ बसलेली. ती झटकत मी विचारलं, "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"त्येनंच. राजूरच्या स्टँडावरनं फोन केल्ता. म्हनला, आये, दोरी काकाकडं ऱ्हायली, पिशवीत बसली न्हाई."

"म्हणजे तुम्हाला पहिल्या दिवसापासून…"

"व्हय."

"मग बोलला का नाहीत, ताई? दोन वर्षं झाली. दोन शिव्या तरी द्यायच्या होत्या मला."

ती म्हणाली, "बोलले असते तर तुमी मला तोंड दावलं असतं का? मंग पिशवी कोन शिवली असती?"

सविता उठून मागं गेली आणि तिच्या रडण्याचा आवाज आला. मला रडू आलं नाही. मी कितीतरी वेळ त्या दोरीचं टोक शोधत राहिलो, ते हातातच होतं. मग कात्रीनं हवी तेवढी कापली, दोरीची टोकं काडेपेटीनं पोळवून बोथट केली आणि नेफ्यात ओवली. मनकर्णेनं पिशवीचं तोंड आवळून पाहिलं, पुन्हा उघडलं, पुन्हा आवळलं. नीट बसलं होतं. तिनं पिशवी घडी करून शर्टाच्या खिशात घातली. खिशात मावली ती.

तोंड आवळायला दोन हात दोरी पुरली. उरलेली अठरा हात तिनं वेटोळं करून गुंडाळली, खाली वाकली आणि टेबलाखाली, होती तिथंच ठेवली.